अमर्याद, पण हळू

दाढीवाल्या पुरुषांबद्दल व्हेर्ना हालचुकचं मत आयुष्यभर वाईटच राहिलं. माणूस स्वभावानं चांगला असेलही, पण त्याचे ओठ दिसत नाहीत, आणि ओठ दिसले नाहीत की व्हेर्नाच्या लेखी तो माणूस आणि भिंत सारखीच. ती जन्मापासून बहिरी. विनिपेगच्या मॉलमधल्या त्या मोबाइलच्या दुकानात तिघं जण कामाला होते, दोन गुळगुळीत तोंडाचे आणि एक दाढीवाला. तिचं नशीब असं की मोकळा होता तो नेमका दाढीवालाच.

तिनं घरूनच चिठ्ठी लिहून आणली होती. मी बहिरी आहे. पंधरा दिवस सीमेपलीकडे अमेरिकेत मोंटानाला जाते आहे. मला फोनवर बोलायचं नाही. रोज एक तास व्हिडिओ हवा. यातल्या तिसऱ्या वाक्याखाली तिनं दोन रेघा मारल्या होत्या, कारण दुकानदार मंडळी काहीही झालं तरी बोलण्याची मिनिटं गळ्यात मारतात हा तिचा जुना अनुभव. दाढीवाल्यानं चिठ्ठी वाचली, मनापासून हसला आणि पहिला प्लॅन काढून दाखवला तो अमर्याद कॉलचा. व्हेर्नानं चिठ्ठीतल्या रेघांवर बोट ठेवलं. तो ओशाळला, कानाची पाळी खाजवत त्यानं दुसरा काढला. त्यात रोजचा आकार भरायचा आणि घरचाच डेटा तिकडे वापरायचा. पण व्हेर्नाचा घरचा डेटा म्हणजे चिमणीचा घास, घरी वाय-फाय असल्यावर जास्त घेतो कोण? मग त्यानं तिसरा काढला आणि एका शब्दावर टिचकी मारली. अमर्याद डेटा. साठ डॉलर, महिनाभर.

व्हेर्नाचा चेहरा खुलला. पण दाढीवाला तेवढ्यावर थांबला नाही. कागदाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांची एक ओळ होती, तिच्याखालून त्यानं बोट फिरवलं आणि चांगलं अर्धं मिनिट काहीतरी समजावून सांगितलं. दाढी वर-खाली झाली. शेवटी त्यानं भुवया उंचावल्या, म्हणजे, कळलं ना?

व्हेर्नानं मान हलवली.

आता ही मान हलवणं काय चीज आहे ते इथंच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही व्हेर्नाला बावळट समजाल आणि ती बावळट अजिबात नाही. तिच्या पिढीच्या पोरांना बहिऱ्यांच्या शाळेत हातांवर बसवायचे. हातांनी बोलणं म्हणजे रानटीपणा, तोंडानं बोला, ओठ वाचा. समोरच्याचं कळलं नाही म्हणून पुन्हा विचारलं की तो एकदा सांगतो, दुसऱ्यांदा सुस्कारा टाकतो, तिसऱ्यांदा त्याच्या डोळ्यांत ते येतं. तो कंटाळा, ती कीव. ते बघायला लागू नये म्हणून माणूस मान हलवायला शिकतो. बँकेत हलवतो, डॉक्टरकडे हलवतो, पोलिसासमोरसुद्धा हलवतो. बहिऱ्यांच्या क्लबमध्ये याच्यावर किती किस्से चालायचे. एक जण मान हलवत हलवत घरी दोन फ्रिज घेऊन आला होता. सगळे पोट धरधरून हसायचे आणि दुसऱ्या दिवशी बाहेर पडून पुन्हा मान हलवायचे.

तर व्हेर्नानं साठ डॉलर मोजले आणि ती तिथून थेट बसनं ओरेस्टकडे गेली.

ओरेस्ट तिचा नवरा. तोही बहिरा. शहरातल्या वर्तमानपत्राच्या छापखान्यात त्यानं एकतीस वर्षं काढली. त्या यंत्रांच्या आवाजानं ऐकणाऱ्यांचे कान फुटायचे, म्हणून तिथं बहिरी माणसं हौसेनं ठेवून घ्यायचे. पण ओरेस्टची खरी ओळख छापखान्यातली नव्हे, क्लबमधली. तो गोष्ट सांगायला उभा राहिला की लोकांच्या शेवटच्या बस चुकायच्या. हात असे चालायचे की बघणाऱ्याला डोळ्याची पापणी लववायला फुरसत मिळू नये. त्या हातांवरच व्हेर्ना भाळली होती.

दोन वर्षांपूर्वी त्याला पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला, डावा उरला, तोही मंद. डॉक्टरनं दुभाष्यामार्फत सांगितलं होतं की यापुढे त्याला समजायला आणि सांगायला वेळ लागेल. व्हेर्ना समजली ते असं, की काही महिने वेळ लागेल. घरी एकटीच्यानं त्याला उचलणं होईना, म्हणून वृद्धांच्या निवासात ठेवला. निवास स्वच्छ, माणसं मायाळू. फक्त नव्वद म्हातारे आणि चाळीस नोकरमाणसं यांत हातांची भाषा येणारं एकही नाही. मारिवेल नावाची फिलिपिनी परिचारिका होती, ती ओरेस्टला लाडानं लोलो म्हणायची, आजोबा. तिनं खा, पाणी, संडास एवढ्या खुणा शिकून घेतल्या होत्या. तेवढ्यावर माणूस जिवंत राहतो, पण बोलणार काय?

म्हणून व्हेर्ना रोज दुपारी तीन तास तिथं बसायची. ती आली की ओरेस्टच्या दिवसात भाषा यायची, ती गेली की भाषा गेली. हे तिला ठाऊक होतं, आणि म्हणूनच ती एक क्षण वाया घालवत नसे. कोट काढता काढता सुरू. क्लबमध्ये कोण भांडलं, कोण वारलं, शेजारणीनं गाडी कशी ठोकली, नगरपालिका बर्फ कसा उपसत नाही. बहिऱ्यांना मुके म्हणणाऱ्यांना एकदा व्हेर्नासमोर आणून बसवायला पाहिजे. तीन तास हात थांबायचे नाहीत. ओरेस्ट तिच्याकडे टक लावून बघायचा आणि मान हलवायचा, आणि व्हेर्ना समाधानानं घरी जायची, की आज आपण त्याचं पोट भरलं.

खऱ्या पोटाचं मात्र बिनसलं होतं. थंडी सुरू झाल्यापासून त्याचं जेवण घटलं, वजन सहा किलो उतरलं. निवासवाले म्हणाले, वय आहे. व्हेर्ना घरून पिरोगी करून न्यायची. तो आतलं बटाट्याचं सारण खायचा आणि वरची पारी बाजूला सारायचा. लाडावलाय मेला, असं ती त्याला तोंडावर म्हणायची. तो मान हलवायचा.

अशा माणसाला सोडून पंधरा दिवस जायचं तिच्या जिवावर आलं होतं. पण मोंटानात तिची थोरली बहीण लिडिया बर्फावर घसरून खुबा मोडून घेऊन बसली होती. घरातल्या सात ऐकणाऱ्या माणसांत धाकट्या बहिऱ्या बहिणीसाठी खुणा शिकली ती एकटी लिडिया. लिडियाची मुलगी जोलीन इस्पितळात नोकरीला, तिला रविवारशिवाय सुट्टी नाही. म्हणजे जायला तर हवंच. आणि लिडियाचं घर गावापासून वीस मैलांवर, घरात इंटरनेट नाही, कारण एकोणऐंशी वर्षांत त्यावाचून माझं काय अडलं, असा तिचा सवाल. तर ओरेस्टपर्यंत पोचायला व्हेर्नाजवळ उरला तो हा साठ डॉलरचा प्लॅन.

तिनं ओरेस्टला सगळं नीट समजावलं. लिडिया कशी पडली, कुत्रा कसा पायात आला, ऑपरेशन कुठं झालं, मारिवेल रोज पाच वाजता तुझ्यासमोर टॅब्लेट ठेवील, त्यात मी दिसेन, एक तास. वीस मिनिटं ती सांगत होती. ओरेस्टनं मान हलवली. इतक्या सहजी हलवली की परतीच्या बसमध्ये व्हेर्नाला रडू फुटलं. थोडं तरी रागवायचं होतं मेल्यानं, असं तिला वाटलं.

पहिले दोन दिवस दृष्ट लागण्यासारखे गेले. पाचच्या ठोक्याला पडद्यावर ओरेस्ट यायचा, केस मारिवेलनं पाणी लावून बसवलेले. व्हेर्ना लिडियाच्या स्वयंपाकघरात फोन साखरेच्या डब्याला टेकवून बसायची आणि एका दमात सगळं ओतायची. विमानात शेजारी बसलेली बाई, लिडियाचे दोन माजोरडे कुत्रे, कुंपणाशी येणारा कोल्हा. लिडिया खाटेवरून तिच्या हातांकडे बघत असायची. तुझं बघून माझे डोळे दमले, त्याचे काय होत असतील, असं ती म्हणालीही. व्हेर्नानं ते उडवून लावलं. ओरेस्टला सवय होती.

तिसऱ्या दिवशी ओरेस्टचा चेहरा चौकोन चौकोन झाला.

आधी तो फुटला, मग एका जागी थिजला, तोंड अर्धवट उघडं. व्हेर्ना बोलत राहिली. मग तो एकदम दुसऱ्याच बाजूला बघताना दिसला आणि पुन्हा थिजला. बऱ्याच वेळानं पडद्यावर मारिवेलचा हात आला आणि हातात कागद. लोलोला तुम्ही दिसत नाही, सगळं धुकं आहे.

व्हेर्नानं फोन झटकला, दारात नेला, खिडकीत नेला, खुर्चीवर चढली. लिडिया खाटेवरून ओरडत होती की उतर खाली, नाहीतर दुसरा खुबा इथंच मोडेल, पण ओरडून व्हेर्नाला काय उपयोग? तेवढ्यात फोन थरथरला. कंपनीचा निरोप होता. तुमचा वेगवान डेटा संपला आहे. यापुढे महिनाअखेरपर्यंत डेटा अमर्यादच मिळेल, मात्र कमी वेगानं.

अमर्याद, पण हळू. ऐकणाऱ्यांचं काय जातं? त्यांना पत्र वाचता येतं, फोनवर बोलता येतं, हवामान बघता येतं. फक्त हात तेवढे दिसत नाहीत. कागदाच्या तळची ती मुंगीएवढी ओळ व्हेर्नाच्या डोळ्यांसमोर उभी राहिली, आणि तिच्याखालून फिरणारं ते बोट. दाढीवाल्यानं फसवलं नव्हतं. त्यानं बिचाऱ्यानं सांगितलं होतं. आपणच मान हलवली. सत्तरी उलटली तरी आपण शाळेतल्यासारखी मान हलवली, आणि त्यापायी तिकडे तो माणूस नव्वद लोकांत तोंड शिवल्यासारखा बसून राहणार. तिनं स्वतःला इतक्या शिव्या घातल्या की लिडियानं तोंड फिरवलं.

वाढीव डेटा विकत घेता येत होता, पण त्याचं पान अर्धं उघडून अडकायचं, आणि मदतीसाठी दिलेला नंबर होता तो फोन करून बोलण्याचा. लिडियानं करून बघितला. खातेदाराशीच बोलू म्हणाले. खातेदार बहिरी आहे, म्हणाली. तरी पण तिलाच फोनवर द्या, म्हणाले. लिडियानं त्यांना जे काही ऐकवलं त्याच्या खुणा तिनं व्हेर्नाला करून दाखवल्या नाहीत. गावातल्या वाचनालयात वाय-फाय होतं, पण लिडियाला एकटं टाकून वीस मैल जायचं कसं? जोलीन रविवारी येणार, आणि त्या दिवशी होता बुधवार.

गुरुवारी पाच वाजता व्हेर्ना पुन्हा साखरेच्या डब्यासमोर बसली. आशेनं नव्हे, राहवेना म्हणून. चित्र कालच्यासारखंच. मात्र आज ती गप्प होती, त्यामुळे तिला एक गोष्ट दिसली. ओरेस्टच्या मागे भिंतीवर निवासाचं कॅलेंडर होतं, आणि ते स्वच्छ दिसत होतं. तारखा वाचता येत होत्या. ओरेस्टचा हात हलला की धुकं, आणि कॅलेंडर मात्र कोरल्यासारखं. जे हलत नव्हतं ते पोचत होतं.

तिनं एकच खूण केली. मी. बोट छातीवर टेकवलं आणि ते तसंच ठेवलं, दहा आकडे मोजेपर्यंत. मग दुसरी. इथं. पुन्हा दहा. लहान मुलाला शिकवतात तसं. मग, तू. मग, कसा? आणि हात हवेत धरून ती थांबली.

पलीकडे चेहरा थिजलेला. तिनं वाट बघितली, पुन्हा विचारलं. तू. कसा? पुन्हा तोच थिजलेला चेहरा. तिसऱ्यांदा विचारताना तिच्या लक्षात आलं की तो उत्तर देत असणार. मान हलवत असणार. पण मान हलवणं म्हणजे निव्वळ हलणं, थांबलेल्या चित्रात त्यातलं काही दिसतच नाही. तिनं सांगितलं, मान नको. हात.

बराच वेळ गेला. मग ओरेस्टचा डावा हात वर आला आणि छातीसमोर थांबला. बरा. तोही तिच्यासारखाच धरून ठेवला. व्हेर्नाला हायसं वाटलं आणि ती पुढचं विचारणार, तोच हात पुन्हा उठला. हळू. चांगलं.

चित्राबद्दल म्हणतोय, असं तिला वाटलं. तिनं सांगितलं, चित्र वाईट.

ओरेस्टनं नाही म्हणून डोकं हलवलं असावं, ते दिसलं नाही. मग त्याचं बोट सरळ पडद्याकडे आलं. तू, म्हणाला. तू हळू.

एका तासात दोघांचे मिळून वीस-बावीस शब्द बोलून झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी बटाटे सोलताना त्यातलं एकच तिच्या मनात घोळत राहिलं. तू हळू, चांगलं. टोमणा मारतोय का? मारला तर मारला, ती मनात म्हणाली, दोन वर्षांत आपणहून काही बोलला तरी. आणि तिथं तिचा सोलणारा हात थांबला, कारण हे खरं होतं. आपणहून तो शेवटचं कधी बोलला होता, ते तिला आठवेना.

शुक्रवारी तिनं पहिला प्रश्न टाकला तो नेहमीचा. जेवलास?

काही दिसलं नाही. तिनं पुन्हा विचारलं आणि हात धरून ठेवला. मनगट भरून आलं तरी धरून ठेवला.

नाही, ओरेस्ट म्हणाला.

व्हेर्नाचे दोन्ही हात सवयीनं उठले, असा कसा जेवला नाहीस, त्या पोरीनं मरमर करून भरवायचं आणि तू, पण पडद्याच्या कोपऱ्यातल्या छोट्या चौकोनात आपलेच भिरभिरणारे हात तिला दिसले आणि तिनं ते खाली घेतले. तिनं एकच खूण केली. का?

आणि मग ती थांबली. दहा मोजले, वीस मोजले. कुत्रा येऊन तिच्या पायावर बसला. चाळीस झाले. पलीकडे ओरेस्ट खाली बघत होता. हात उचलू की नको, असं त्याचं चाललेलं असावं. मग हात वर आला, वाकडं बोट ओठांपाशी गेलं आणि तिथंच राहिलं.

दात.

दुखतो? तिनं विचारलं. त्याचा हात गालावर गेला आणि मुठीत मिटला. खूप, म्हणजे. कधीपासून? या प्रश्नाला सगळ्यात जास्त वेळ लागला. मग त्याची बोटं वरून खाली आली, अडकत अडकत, तीन वेगवेगळ्या चित्रांत. बर्फ. आणि त्यामागून एक खूण. आधी.

विनिपेगला पहिला बर्फ ऑक्टोबरअखेर पडतो. आता मार्च चालू होता. पाच महिने. पाच महिने ती रोज तीन तास त्याच्यासमोर बसत होती. तिनं एक एक शब्द धरून विचारलं.

"मला. का. नाही. सांगितलंस?"

चित्र अडकलं. ओरेस्टचा तळवा छातीसमोर अर्धवट उघडा, एवढंच दिसत होतं. मग चौकोन जुळत आले आणि तळव्याचा शब्द झाला, त्याच्यामागून दुसरा.

"तू. बोलत. होतीस."

त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तक्रारसुद्धा नव्हती. विचारलं म्हणून त्यानं सांगितलं. व्हेर्नाला ती कुठं बसली आहे तेही क्षणभर समजेना. ज्या मान हलवण्यावर ती आयुष्यभर हसत आली, जी तिनं हजारदा हलवली, दुकानात, बँकेत, त्या दाढीसमोर, तीच मान तिचा नवरा दोन वर्षं तिच्यासमोर हलवत होता आणि तिला ती ओळखू आली नाही. बाहेरच्या सगळ्या जगासमोर तो मान हलवायचा, आणि दिवसातून तीन तास त्याच्या भाषेत बोलणारं माणूस घरचं म्हणून यायचं, तर तीही दुकानातल्या दाढीसारखीच अर्धं अर्धं मिनिट हलत राहायची आणि शेवटी भुवया उंचावून विचारायची, कळलं ना? पुन्हा सांग म्हणायची त्याला लाज वाटली असेल. तिच्या डोळ्यांत तो सुस्कारा दिसेल, अशी भीती वाटली असेल. तिच्या! व्हेर्ना टेबलावर डोकं टेकवून रडली. लिडियाला उठता येत नव्हतं, तिनं खाटेवरून उशी फेकून मारली तेव्हा व्हेर्नानं मान वर केली. पडद्यावर ओरेस्ट होता, आणि त्याचा हात धरलेला होता. रडू. नको.

लिहिलेले निरोप हळू वेगावरही जात होते. तिनं मारिवेलला लिहिलं आणि मारिवेलनं तिथल्या तिथं विजेरी आणून लोलोचं तोंड उघडून बघितलं. खालची दाढ किडून आतून गाल सुजला होता. माझंच चुकलं, मी रोज अंगठा वर करून विचारायची बरं आहे ना, तो रोज मान हलवायचा, असं तिनं लिहिलं. व्हेर्नानं तिला कळवलं की तुझं नाही चुकलं, पोरी. शनिवारी दाढ काढली. मारिवेलनं फोटो पाठवला. गालावर बर्फाची पिशवी, आणि ओरेस्ट आइस्क्रीमची वाटी कुणी काढून घेईल या भीतीनं धरून बसलेला. शनिवारी बोलणं झालं नाही, तो झोपला होता.

रविवारी जोलीन आली. मावशी, मला साधा निरोप टाकला असतास तर तिथून केलं असतं, असं म्हणत तिनं स्वतःच्या फोनवरून दोन मिनिटांत वाढीव डेटा भरून दिला. निरोप टाकायचं व्हेर्नाला सुचलंच नव्हतं. लिडिया म्हणाली, हिला स्वतः बोलण्यातून सुचायला वेळ कुठं मिळतो? एरवी व्हेर्नानं तिला सोडली नसती. त्या दिवशी ती नुसती खांदे उडवून पाच वाजायची वाट बघत बसली.

पाच वाजता ओरेस्ट पडद्यावर आला तो लख्ख. कपाळावरच्या आठ्यासुद्धा मोजता आल्या असत्या. व्हेर्नाचे हात शिवशिवले. जोलीनची नवी गाडी, कुत्र्यांनी फाडलेली गादी, फोनवाल्यांची अक्कल, चार दिवसांचं तुंबलेलं होतं सगळं. तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि एकात एक गुंतवले.

ओरेस्ट बघत राहिला. ती सुरू होण्याची वाट बघत होता. एक मिनिट गेलं. त्यानं मान पुढे काढून पडद्याकडे निरखून पाहिलं, मग बोटानं पडद्यावर टकटक केली.

"अडकलं?" त्यानं विचारलं.

"नाही," व्हेर्ना म्हणाली. "तू बोल. मी बघते."

त्याला विश्वास बसेना. तिनं हात पुन्हा मांडीवर ठेवले तेव्हा कुठं बसला. मग त्याचा डावा हात उठला. समोरच्या खोलीत एक म्हातारा होता, पूर्वी बस चालवायचा. तो जेवणानंतर चमचे मोज्यात लपवून नेतो, एवढीच गोष्ट. क्लबमध्ये ओरेस्टनं ती दोन मिनिटांत उडवली असती, आता वीस लागली. मधेच शब्द हरवायचा, हात हवेत थांबायचा. तो शब्द व्हेर्नाच्या बोटांच्या टोकावर यायचा आणि ती बोटं आवळून धरायची. पण शेवटी म्हातारा उठतो आणि चमचे घरंगळतात, तिथं ओरेस्टनं असं काही तोंड केलं की व्हेर्ना मोठ्यांदा हसली, आणि पलीकडे तो हसला. कधीची गोष्ट, तिनं विचारलं. नाताळची, तो म्हणाला.

हसू ओसरलं. व्हेर्नानं हात पुन्हा मांडीवर घेतले. त्याचा हात दोनदा उठून खाली आला. तिसऱ्यांदा त्यानं विचारलं.

"तू कुठं आहेस?"

वीस मिनिटं तिनं त्याला समजावलं होतं. त्यानंतर पडद्यावर दोन संध्याकाळी एक-एक तास सांगितलं होतं. आणि आठ दिवस हा माणूस बायको कुठं गेली, का गेली, काचेतून का बोलते, हे काहीएक न समजता पाच वाजता केस बसवून टॅब्लेटसमोर येत होता. व्हेर्नाला रडू येत होतं, पण रडायला हात लागत नाहीत. हात तिनं कामाला लावले.

लिडिया, ती म्हणाली, आणि थांबली. त्यानं हातानं म्हटलं, लिडिया. पडली. पाय मोडला. मी मदत करते. एकेक शब्द तो आपल्या हातात घेऊन बघत होता आणि मगच ती पुढे जात होती. मोंटाना. लांब. विमान. त्याच्या मागच्या कॅलेंडरकडे तिनं बोट दाखवलं, तो वळायला वेळ लागला, वळून पुन्हा समोर यायला वेळ लागला. येणारा रविवार, ती म्हणाली. मी घरी. तुझ्याकडे.

मग तिनं हात खाली घेतले आणि वाट बघितली.

ओरेस्टनं मान हलवली नाही. तो बराच वेळ कॅलेंडरकडे बघत होता. मग त्यानं डावा हात उचलला.

"रविवारी," तो म्हणाला, "किती वाजता?"